निश्चिंत शिका, आम्ही जागे आहोत

क्लचबाईंवर खटला भरला गेला तो तांबडा सिग्नल तोडल्याचा. आणि सिग्नल तुटला तेव्हा, म्हणजे तुटला असेल तर, आपण तिथे होतो की नव्हतो हे त्यांचं त्यांनाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. देहाने होत्या. शिकवणीच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, पाय आपल्या वेगळ्या ब्रेकपाशी ठेवून अगदी नियमाप्रमाणे बसल्या होत्या. फक्त झोपल्या होत्या.

आता ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? दुसऱ्या कुणाची असती तर क्लचबाईंनीच ती तिखटमीठ लावून गावभर केली असती. पण स्वतःच्याच गाडीच्या मागच्या काचेखाली त्यांनी पेंटरच्या डोक्यावर उभं राहून टपोऱ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'निश्चिंत शिका, आम्ही जागे आहोत.' त्यातल्या 'आम्ही' म्हणजे त्या एकट्याच. एक गाडी, एक बाई आणि लाँड्री नि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेली एक खोली, एवढाच त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा पसारा. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा उन्हाने फिका पडलेला तक्ता, टेबलावर शिकणाऱ्यांना दाखवायला ठेवलेली एक जुनी क्लच प्लेट. गाडीत बसलं की त्या 'क्लच! क्लच!' असं काही ओरडत की शेजारून चाललेल्या सायकलवाल्याचासुद्धा डावा पाय आपोआप दाबला जाई. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं.

नोटिशीबरोबर एक फोटो होता. मागून दिसणारी त्यांची गाडी, तोंड चौकात, मागची चाकं पांढऱ्या पट्टीवर आणि वर ढळढळीत तांबडा दिवा. मागच्या काचेवर ऊन चमकत होतं, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. तेवढीच काय ती नशिबाची मेहरबानी.

"त्यात काय एवढं? दंड भरा आणि मोकळ्या व्हा," शेजारचा चष्मेवाला म्हणाला.

"मोकळीच होईन मी! दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला. आणि शिकवणीच्या गाडीनेच सिग्नल तोडला म्हणजे शिकवायचा परवाना गेला. मग काय तुमच्या दुकानात काचा पुसायला येऊ?"

"पण गाडी तर तुमचा तो शिकाऊ चालवत होता ना?"

"कायद्याला ते कळत नाही. माझ्या पायाखाली ब्रेक आहे ना, मग चालवणारी मीच. शेजारचा स्टिअरिंग धरून बसलेला माणूस म्हणजे कायद्याच्या लेखी कडेवरचं मूल."

हे कडेवरचं मूल साठी ओलांडलेलं होतं. नाव शिट्टीकाका. वाहतूक पोलिसात होते, आता निवृत्त. सारी नोकरी त्यांनी एकाच चौकात, सूतिकागृहासमोर उभं राहून काढली होती. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. वरच्या मजल्यावर बाळंतिणी नि तान्ही पोरं, म्हणून काका सगळा कारभार हातांवर चालवायचे. न वाजलेल्या शिट्टीवरून लोकांनी त्यांना शिट्टीकाका करून टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या, पण स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. निवृत्त झाल्यावर मनाने घेतलं, गाडी शिकायची आणि काकूंना शेजारी बसवून लेकीच्या घरी घेऊन जायचं.

आणि शिकायला कुठे आले, तर क्लचबाईंकडे. बाईंना त्यांची शिकवणी म्हणजे पर्वणी वाटायची. बाकीचे शिकाऊ गचके देऊन देऊन कंबर ढिली करत. काका मात्र गाडी अशी चालवत, जणू पाळणाच हलतोय. त्या दिवशी बाई पहाटेपासून गाडीत होत्या. एकाने कचराकुंडी उडवली होती, एकीने भर रस्त्यात रडायला सुरुवात केली होती. दुपारी जेवण झालं, काका आले, गाडी निघाली, खिडकीतून वारा आला. आणि बाईंचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी बंद होती, ड्रायव्हरची सीट रिकामी होती आणि काका समोर चौकात हात आडवा करून एका बसला थोपवून उभे होते. वरचा दिवा तांबडा की हिरवा हे बघायचं भानच बाईंना राहिलं नाही. त्यांच्या तोंडून निघालं एकच, "क्लच!" काका लगबगीने परत आले, गाडी सुरू झाली, गेली. त्यावर दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. बाईंना वाटलं, काकांना आपली झोप कळलीच नसावी. आणि कळली नसेल तर सांगायची काय गरज?

पण आता प्रश्न असा आला की, गाडीने पट्टी ओलांडली तेव्हा दिवा कोणता होता हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्याला ते विचारायचं कसं? 'काका, सिग्नल हिरवा होता ना हो?' असं विचारावं, तर ते म्हणणार, 'म्हणजे काय बाई, तुम्ही होतातच की शेजारी!'

वकील घरचीच होती. सख्ख्या बहिणीची मुलगी. नुकती सनद मिळालेली, अंगात काळा कोट आणि जिभेवर धार. गाडी ती मावशीकडेच शिकली होती आणि तेव्हा खाल्लेल्या ओरड्याचा वचपा काढायची संधी तिला आयतीच मिळाली होती.

"मावशी, पट्टी ओलांडताना सिग्नल कोणता होता?"

"हिरवा असणार."

"असणार?"

"म्हणजे होता."

"तू पाहिलास?"

"अगं, शिट्टीकाका चालवत होते! त्यांचा सगळा जन्म सिग्नलखाली गेला. ते तोडतील का?"

"काकांचं नाही विचारत मी. तुझं विचारतेय. तू समोर बघत होतीस की नाही?"

"हे बघ, माझ्यावर आवाज चढवायचा नाही. तुला उतारावर गाडी लावायला कुणी शिकवलं?"

भाचीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "चल, काकांकडेच जाऊ."

काका गॅलरीत खुर्चीवर बसून सराव करत होते. समोर बादलीत छत्री उभी केलेली, तो गिअर. पायाशी तीन चपला ओळीने मांडलेल्या, तो क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. तोंडाने इंजिनाचा आवाज चालू होता, तोही हळू. दोघींना बघून त्यांनी आधी गाडी नीट न्यूट्रलला आणली आणि मगच उठले.

काकू पाणी घेऊन आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "कशी चालवतात हो हे गाडी? मला सांगतात, पोटातलं पाणी हलत नाही म्हणून. आणि एकदाही बंद पडली नाही म्हणे हातून!"

क्लचबाईंना ठसका लागला. काका गाडी अलगद चालवत हे खरं, पण त्यांच्या हातून ती दर गल्लीला बंद पडायची. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दगडालाही दया यावी. बाई म्हणाल्या, "हो ना. हात फार हलका आहे."

भाचीने वही-पेन न काढता सरळ विचारलं, "काका, सिग्नल कोणता होता?"

"हिरवा. शंकाच नको."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

"मग गाडी पट्टीवर थांबली कशी? बंद पडली?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "बंद नाही पडली. मी थांबवली."

"चौकाच्या तोंडावर? हिरव्या दिव्यात?"

"हो."

"का?"

"कारण होतं."

"काय कारण होतं?"

"ते बाईंना माहीत आहे," काका म्हणाले आणि छत्रीची मूठ कुरवाळू लागले.

भाचीने मावशीकडे मान वळवली. बाईंनी पेला तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली केला नाही.

जिना उतरताना भाची धुमसत होती. "हे म्हणतात मावशीला माहीत आहे, मावशी म्हणते काकांना माहीत आहे. मुद्दाम थांबवली म्हटलं तर रस्ता अडवल्याचा नवा गुन्हा लागेल, कळतंय का तुला? बंद पडली असेल तर बंद पडली म्हणून सांगा ना! त्यात लाज कसली?"

"काकूंसमोर त्यांचं नाक कापलं जाईल गं," बाई म्हणाल्या. मनातून मात्र त्या हादरल्या होत्या. बाईंना माहीत आहे! काय माहीत आहे? काहीएक माहीत नव्हतं. परवान्याची चौकशी लागल्यापासून शिकवण्या बंद होत्या. रोज सकाळी त्या गाडी पुसत, खोली उघडत आणि क्लच प्लेटकडे बघत बसत. इतक्या वर्षांत त्यांना दुसरं काही करता येतं की नाही हे तपासायची वेळच आली नव्हती. आता रात्री अंथरुणावर पडलं की नेमकी झोप येत नसे. नको तेव्हा आली होती, आता हवी तर रुसली होती!

सुनावणीच्या आदल्या दिवशी भाची उड्या मारतच खोलीत आली. सिग्नलचा कॅमेरा एकच फोटो काढून थांबत नाही, गाडी पुढे सरकली का हे दाखवायला थोड्या वेळाने दुसराही काढतो. नोटिशीला मात्र एकच जोडला होता. तिने अर्ज करून दुसरा मागवला होता.

"बघ मावशी! गाडी तिथल्या तिथेच आहे, तसूभर हललेली नाही. सिग्नल तोडणारी गाडी पळते गं, अशी बसून राहत नाही. पट्टीवर तांबड्या दिव्यात काही दिसलं की तो कॅमेरा फोटो काढतो, ते आलं कधी हे त्याला काय कळतं? आता काकांनी बंद पडली एवढं सांगितलं की झालं. पण हे बघ, काका बाहेर उभे आहेत. एक हात आडवा, ठीक. दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर का?"

क्लचबाईंनी चष्मा लावला. खरंच की! काका बससमोर उभे होते आणि बसवाल्याला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगत होते. पण बाईंची नजर तिथे फार वेळ ठरली नाही. या दुसऱ्या फोटोत बाजूला एक ट्रक येऊन उभा होता, त्याची सावली मागच्या काचेवर पडली होती आणि ऊन गेलं होतं. काचेतून शेजारच्या सीटवरचं एक डोकं स्वच्छ दिसत होतं. खिडकीला टेकलेलं, मान मोडल्यासारखं वाकडं. आणि बरोबर त्याच्या खाली टपोऱ्या अक्षरांत, आम्ही जागे आहोत.

बाईंनी घाईने चष्मा काढला. त्यांनी टेबलावरची क्लच प्लेट अलगद फोटोच्या त्या कोपऱ्यावर सरकवली.

"मावशी, काढ ना ते. तू काय करत होतीस तेव्हा?"

"मी? मी आरशात मागचं बघत होते."

"बरं केलंस," भाची म्हणाली आणि बोटाचं कोडं सोडवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खटल्याचा पुकारा झाला तो नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर. लांबट खोली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, माणसं बसून बसून गुळगुळीत झालेली बाकं. शिपायाने भाचीच्या कानात सांगितलं, "साहेब या वेळी डोळे मिटून ऐकतात. पण ऐकतात हं सगळं!" न्यायाधीश वयस्क होते. त्यांनी दोन्ही फोटो समोर घेतले, चष्मा काढून त्यांवरच ठेवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"नाही," क्लचबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

साक्षीदार एकच होता. शिट्टीकाका बुटांना पॉलिश करून आले होते. मागच्या बाकावर काकू नवी साडी नेसून बसल्या होत्या. नवऱ्याच्या ड्रायव्हिंगचं कौतुक सरकारदरबारी होणार म्हणून हौसेने आल्या होत्या. काकांनी शपथ घेतली ती इतक्या गंभीरपणे की पिंजऱ्याशेजारचा कारकूनसुद्धा सावरून बसला.

भाची उभी राहिली. "पट्टीशी आलात तेव्हा दिवा कोणता होता?"

"हिरवा."

"गाडी कितव्या गिअरमध्ये होती?"

"दुसऱ्या. मग मी तिसरा टाकला."

"वेग वाढवायला?"

"नाही. वेग होता तोच होता. सायकलचा."

"इतक्या हळू गाडीला तिसरा गिअर? का बरं?"

"दुसऱ्यात ती ओरडते," काका म्हणाले.

"मग काय झालं?"

काकांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. काकू मान उंच करून हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या. मग काकांनी क्लचबाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातल्या रुमालाची पार वात करून टाकली होती. त्यांना वाटलं, आता हे म्हणणार 'मी थांबवली', आणि आपला परवाना गेला.

"मग गाडी थरथरली," काका म्हणाले, "आणि बंद पडली."

"अगं बाई!" मागून आवाज आला.

"माझ्या हातून पडली," काका पुढे म्हणाले, मान ताठ ठेवून. "याआधीही पडली आहे. पुष्कळदा पडते. घरी मी वेगळं सांगितलं होतं, पण ते घरी. इथे शपथ घेतली आहे. त्यानंतर दिवा तांबडा झाला."

क्लचबाईंना स्वतःचीच लाज वाटली. या माणसाला आपण मनातल्या मनात किती नावं ठेवली, नाकाला जपणारा म्हातारा म्हणून! आणि त्याने भरल्या कोर्टात, बायकोसमोर, नाक काढून टेबलावर ठेवलं. त्यांना तिथेच उठून त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पण उलटतपासणी राहिली होती. सरकारी वकील नवे होते आणि आवाजाने खोली भरून टाकायचे. इकडे न्यायाधीशांचे डोळे केव्हाच मिटले होते. आता पंख्याच्या लयीत त्यांची हनुवटी हळूहळू छातीकडे चालली होती.

"गाडी बंद पडली, मान्य! मग सुरू का केली नाही?"

"स्टार्टर खरखरतो."

"खरखरतो म्हणजे? बिघडलाय?"

"नाही. आवाज होतो."

"आवाज होतो!" वकिलांनी टेबलावर थाप मारली. "भर चौकात बसेस उभ्या, रस्ता तुंबलेला, आणि तुम्हाला आवाजाची चिंता? आवाजाने काय आभाळ कोसळणार होतं? कोर्टाला सांगा! मोठ्याने सांगा!"

काकांनी मोठ्याने सांगितलं नाही. त्यांची नजर न्यायाधीशांकडे गेली होती. साहेबांची हनुवटी मुक्कामाला पोचली होती, ओठ किंचित उघडे होते आणि पंख्याची कुरकुर मधेच थांबली तरी दुसरी एक बारीक कुरकुर चालूच होती. आणि काकांच्या हातून ते घडलं. विचार करून नाही, जन्मभराच्या सवयीने. डावा हात वकिलांसमोर आडवा झाला, उजव्या हाताचं बोट तोंडावर गेलं.

"श्श!"

वकिलांचा आ वासलेलाच राहिला. सगळी खोली चिडीचूप झाली. आणि आवाजात गाढ झोपलेली माणसं आवाज थांबला की जागी होतात, तसे न्यायाधीश जागे झाले.

त्यांनी समोर पाहिलं. पिंजऱ्यात काका एक हात आडवा आणि एक बोट तोंडावर ठेवून उभे. त्यांनी खाली फोटोकडे पाहिलं. फोटोतही काका तसेच उभे. साहेबांनी चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यांचे ओठ हलले, "निश्चिंत शिका, आम्ही..." आणि तिथेच थांबले. मग त्यांनी हळूच मान वर करून क्लचबाईंकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"साक्षीदार," न्यायाधीश म्हणाले, "हे तोंडावरचं बोट कशासाठी?"

"सवय आहे साहेब. तो सूतिकागृहाचा चौक आहे. तिथे हॉर्नला बंदी आहे, पाटीच आहे तशी."

"हॉर्नला. स्टार्टरला नाही."

"नाही साहेब."

"मग स्टार्टर का मारला नाहीत?"

काकांनी दोन्ही हात खाली घेतले. मग ड्यूटीवर उभे असल्यासारखे ताठ झाले. "साहेब, खोटं मी बोलणार नाही. दमून डोळा लागलेल्या माणसाला उठवायचं माझ्या जिवावर येतं. मग ते माणूस लहान असो की मोठं, कुठेही झोपलेलं असो. कोण कोण ते विचारलंत, तर सांगेन."

क्लचबाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं. भाचीने एकदा काकांकडे, एकदा मावशीकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं पेन गळून पडलं.

सरकारी वकील उसळून उठले. "साहेब, हे विचारायलाच हवं! कोण झोपलं होतं? साक्षीदाराने नावं घ्यावीत!"

न्यायाधीशांनी काकांकडे पाहिलं. काकांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर नुसता प्रामाणिकपणा होता. विचारलं असतं तर त्यांनी क्रमाने सगळी नावं सांगितली असती.

"बसा खाली," साहेब वकिलांना म्हणाले. "सूतिकागृहात कोण झोपलेलं असतं हे कोर्टाला ठाऊक आहे. त्यासाठी बाळांची नावं कशाला हवीत?"

"पण साहेब..."

"बसा म्हटलं ना!"

वकील बसले. साहेबांनी घसा खाकरला आणि निकाल सांगून टाकला. गाडी दोन्ही फोटोंत जागच्या जागी आहे. ती तांबड्या दिव्यात पट्टी ओलांडून आली असा काही पुरावा नाही. दिवा हिरवा असताना आली आणि बंद पडली, ही साक्ष विश्वास ठेवण्यासारखी आहे; स्वतःच्या बायकोसमोर असं कुणी उगाच बोलत नाही. आरोपी निर्दोष. मग फोटो फायलीत ठेवता ठेवता ते क्लचबाईंना म्हणाले, "एक मात्र सांगतो बाई. जेवणानंतर लगेच कामाला बसू नये. ती वेळ वाईट असते." आणि चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

बाहेरच्या व्हरांड्यात आल्या आल्या भाचीने मावशीचं मनगट पकडलं. "आरशात मागचं बघत होतीस काय गं? आणि ती क्लच प्लेट काय वाऱ्याने सरकली?"

"हळू बोल," बाई म्हणाल्या.

"मला, स्वतःच्या वकिलाला सांगितलं नाहीस!"

"तुला सांगितलं असतं तर तू मला आयुष्यभर सोडलं असतंस का?"

"आता सोडेन असं वाटतं तुला?" भाची म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना. कोटाची बाही तोंडात कोंबून ती खांबाला टेकून हसत राहिली.

क्लचबाई काकांकडे गेल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, तुम्ही घोरत होतात."

"मग उठवायचं ना मला! एवढा खटला झाला, तोवर एका शब्दाने बोलला नाहीत!"

"कसं उठवणार?" काका लाजून म्हणाले. "आजवर तुम्ही माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचात. त्या दिवशी झोपलात. मला वाटलं, शिकवणारी बाईच निर्धास्त झोपली म्हणजे आपल्याला गाडी यायला लागली! म्हणून तर तिसरा टाकला, आवाज नको म्हणून. उठवलं असतं तर माझंच सर्टिफिकेट फाटलं असतं."

बाईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. काकू मागून आल्या, त्यांनी नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पुष्कळदा पडते, अं?"

"पडते," काका म्हणाले.

"बसेन मी तुमच्या गाडीत. कबूल केलंय ते केलंय. पण सांगून ठेवते, मी डोळ्याला डोळा लागू देणार नाही."

पुढच्याच आठवड्यात पेंटर आला. त्याने विचारलं, "मागचं वाक्य पुसायचं का?" बाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "राहू दे. त्याच्या खाली लिही, दुपारी बंद."

आणि त्या संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, काका शिकवणीला आले ते काकूंना मागच्या सीटवर बसवूनच. काकूंनी दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली होती. गाडी निघाली. वारा आला. सूतिकागृहाच्या चौकाशी पोचेपर्यंत मागून बारीक आवाज यायला लागला. काकांनी आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बाईंनाही हसू आलं. दिवा हिरवा होता. या वेळी बाईंनी तो नीट पाहिला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत होती. काकांचा हात हळूच गिअरकडे सरकला.

"खबरदार," क्लचबाई त्यांच्या कानाशी पुटपुटल्या. "दुसऱ्यातच राहा. ओरडू दे तिला."

काकांनी हात मागे घेतला. गाडी ओरडत ओरडत पट्टी ओलांडून, चौक पार करून पलीकडे गेली. काकूंना जाग आली नाही.